सशाची गाडी आणि हुन्नूरचा विठोबा

आमच्या बॉस्टनच्या घरात नळ सोडला की क्वाबिन जलाशयाचं पाणी येतं. जलाशय इथून शंभरेक किलोमीटरवर, पश्चिमेला. साठवण 412 अब्ज गॅलन, म्हणजे आपल्या हिशेबात 55 टीएमसी (अब्ज घनफूट). आमचं हिडकल धरण 51 टीएमसीचं. बेळगाव जिल्ह्यातला हुक्केरी तालुका सोडून साता समुद्रापलीकडे आलो, आणि बसलो तर जवळपास तेवढ्याच पाण्याच्या काठाला!

या पाण्याखाली एक रेल्वेमार्ग आहे. स्प्रिंगफील्ड ते अथॉल अशी गाडी या खोऱ्यातून जायची. दर चार पावलांवर थांबत, उड्या मारत जाते म्हणून लोक तिला 'रॅबिट' म्हणायचे, म्हणजे ससा. हिवाळ्यात ग्रीनिचच्या तळ्यांवरचा बर्फ कापून याच गाडीने शहरांत जायचा. पुढे बॉस्टनला बर्फ पुरेना, पाणीच हवं झालं. 1935 मध्ये शेवटची गाडी धावली आणि मार्गाचा बराचसा भाग बुडाला. आमच्या संकेश्वर-निपाणीकडची माणसं बेळगाव-कोल्हापूर थेट रेल्वेची वाट बघत म्हातारी झाली; अजूनही मिरजेचा वळसा घालूनच जावं लागतं. बुडवायला तरी रूळ हवेत ना.

27 एप्रिल 1938 च्या रात्री एनफिल्डच्या टाउन हॉलमध्ये निरोपाचा नाच ठेवला होता. बाराच्या ठोक्याला एनफिल्ड, डेना, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं कायद्याने संपली. सुमारे अडीच हजार माणसं उठली. साडेसात हजारांवर थडगी उकरून नव्या दफनभूमीत नेली. डेनाचा चौक उंचावर असल्याने बुडाला नाही, पण घरं पाडली. आज तिथे फिरता येतं. गवतात तळघरांचे दगडी खड्डे दिसतात.

हे मी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, तेव्हा तिथे कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचं भांडण पेटलेलं होतं. धरणाची पातळी 519.6 मीटरवरून 524.256 वर न्यायची हा कर्नाटकाचा जुना आग्रह. सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने बुडणाऱ्या जमिनीचा दरही ठरवला: बागायतीला एकरी 40 लाख, कोरडवाहूला 30 लाख. धरण उंचावलं तर पाणी मागे तुंबेल या भीतीने सांगलीचा वर्गमित्र 2019 च्या महापुराचे फोटो टाकतो. विजापूरकडे नोकरी करणारा म्हणतो, इथल्या कोरड्या शेताला पाणी नको का? कर्नाटकातल्या अथणीचा गप्प बसतो, कारण कृष्णा त्याच्या घरातही शिरली होती आणि त्याच्या बाजूने बोलणारं राज्य कुठलं, हे त्याला कळत नाही. आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांची हीच गोची आहे. भाषेपुरती बाजू ठरलेली असते, पाण्याच्या वेळी ती कामाला येत नाही.

माझी पोस्ट बघून एकाने लिहिलं, "बघा, अमेरिकेत कसं पद्धतशीर!" मला ते पटत नाही. पद्धतशीर होतं, खरं. पण त्या खोऱ्यातल्या मूठभर मतांची बॉस्टनपुढे काय किंमत होती? थडगी नीट मोजली म्हणून जिवंत माणसांचं उठणं न्याय्य होत नाही. आणि तो नाच मला फारसा रुचत नाही, सांत्वनाच्या नावाखाली आवराआवर वाटते. पाणी मात्र मी रोज पितो, तेव्हा फार तोंड वर करून बोलायला मला जागा नाही.

तरी एका गोष्टीचा हेवा वाटतो. तिथे काय काय बुडालं ते सांगता येतं. आमच्याकडे वाद मीटरमध्ये आणि टीएमसीमध्ये चालतो, दोन राज्यांचे मंत्री चालवतात, आणि ज्यांचं गाव जाणार त्यांचा उल्लेख एकराच्या दरात येतो. उंची ठरण्याआधी प्रत्येक गावाची घर, आड, देऊळ, थडगं, वाट अशी यादी गावकऱ्यांसमोर वाचली जावी आणि त्यांना हरकत घेता यावी. अमुक इतकी कुटुंबं एवढ्यावर भागवू नये.

आमच्या घरातलीच गोष्ट आहे. हिडकलच्या पाण्यात हुन्नूर गेलं, तिथलं विठ्ठलाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. लोक दर्शनाला जातात, फोटो काढतात. शेजारी घरं कुठे होती, हे सांगणारं आमच्या घरात आता आत्या एकटीच. परवा फोनवर म्हटलं, "आत्या, गल्ल्यांची नावं सांग, मी लिहून घेतो."

"फोनवर कशी सांगू?" ती म्हणाली. "मे महिन्यात ये. पाणी उतरलं की चालून दाखवते."

तिकीट अजून काढलेलं नाही. आत्या ब्याऐंशीची आहे.