सुपारीचं नमन

गेल्या रविवारी आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाची सभा झाली, नालासोपाऱ्याला एका भाऊबंदाच्या घरी. विषय तीनच होते. पहिले दोन दहा मिनिटांत उरकले. तिसरा होता, यंदाच्या वार्षिक कार्यक्रमाला नमन, म्हणजे आमच्या कोकणातलं लोकनाट्य, आपलं करायचं की सुपारी देऊन बाहेरचं आणायचं. त्यावर दोन तास भांडलो, चहा दोनदा झाला आणि निर्णय पुढच्या सभेवर गेला. तिथे मला जे धड बोलता आलं नाही ते इथे लिहितोय. मंडळातले बरेच जण फेसबुकवर आहेत, वाचून शिव्या घालतील. घाला.

सुपारीवाल्यांचं म्हणणं सरळ आहे. तालमीला पोरं येत नाहीत. एक विरारला, एक दिव्याला, एक पनवेलला. कामावरून सुटून माणूस रात्री दहाला घरी टेकतो, तो तालमीला येणार कधी? बाहेरचं मंडळ आणलं की लाइट, साउंड, पडदे, कपडेपट, सगळं एका रकमेत. 'बहुरंगी नमन' असा झकास बॅनर लावता येतो. आणि खरं सांगायचं तर त्यांचं नमन आमच्यापेक्षा चांगलं होतं. गेल्या खेपेला आमच्या संकासुराची टोपी ऐन नाचात पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन पडली होती. ती टोपी अख्ख्या सभेत माझ्या विरोधात वापरली गेली.

ज्यांनी नमन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या रत्नागिरीकडे शिमग्यात खेळे निघतात. मृदंग, झांजा, आधी नमन, मग गण, मग गवळण, त्यात मावशी, काळ्या वेशातला उंच टोपीचा संकासुर, नंतर सोंगं, आणि शेवटी वग. बायकांची कामं पुरुषच करतात. गावात हे सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या जागेवर, किंवा कुणाच्याही खळ्यात उभं राहतं, मुंबईत थिएटरात. कलाकार म्हणजे वाडीतलेच. कुणी वायरमन, कुणी बँकेत शिपाई, कुणी रिक्षा चालवतो.

आता माझा मुद्दा. 'कलेमुळे माणसं जोडली जातात' हे वाक्य मी इतक्या स्मरणिकांमध्ये वाचलंय की त्याचा कंटाळा आलाय. खुर्चीत बसून नमन बघितल्याने माणसं जोडली जात असती तर टीव्हीने अख्खा देश जोडला असता. जोडणारी गोष्ट असेल तर ती तालीम आहे. प्रयोग तीन-चार तासांचा. तालमी दोन महिने चालतात, आणि खरी भानगड तिथे असते.

आमच्याकडे दोन चुलतभाऊ आहेत. बांधावरून वाद, कोर्टात चौदा वर्षं. एकमेकांच्या घरच्या लग्नालाही जात नाहीत. पण एक गातो आणि दुसरा मृदंग वाजवतो, आणि वाडीत दोघांना तोड नाही. गाणाऱ्याने ओळ सोडली की मृदंगाने ती उचलावीच लागते, तिथे सातबारा चालत नाही. तालमीत ते एकमेकांशी बोलायचे ते तिसऱ्यामार्फत. "त्याला म्हणावं, हात जरा आवर." "त्याला सांग, आधी सुरात ये." मधल्या माणसाने तोंड उघडायच्या आत निरोप पोचलेला असायचा. त्यांची दिलजमाई झाली असं मी लिहिलं तर पोस्ट गोड होईल, पण ती झालेली नाही. केस चालू आहे. तारखेला दोघं एकाच एसटीने जातात, वेगवेगळ्या सीटवर. पण दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या पोराला तालमीतून हाकललं नाही. उलट मृदंगवाल्या काकांनी पुतण्याला वाजवायला शिकवलं.

अजून एक. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. आमची वाडी उंचावर, पण वाशिष्ठीच्या काठच्या बाजारपेठेत निम्म्या वाडीचे नातेवाईक. मुंबईहून पाणी, बिस्किटं, चादरी घेऊन टेम्पो काढायचा होता. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेले चिक्कार आले, टेम्पो मात्र येईना. शेवटी आमच्या तालीममास्तरांनी वही काढली. त्या वहीत कोण तालमीला किती वेळा आला याची हजेरी असते. म्हणजे कोण नुसतं 'येतो' म्हणतो आणि कोण खरोखर येतो, हे त्या एका माणसाला पक्कं ठाऊक. त्यांनी अकरा फोन केले, दहा जण आले. सुपारी दिली की नमन मिळतं, ही वही मिळत नाही.

माझे वडील गिरणीत होते. परळच्या गावकीच्या खोलीत पंचवीसेक माणसं पाळ्यांनी झोपायची. तालीम त्याच खोलीत, रात्रपाळीवाले निघाले की दिवसपाळीवाले सुरू. प्रयोग दामोदर हॉलला, १९२२ सालचं ते नाट्यगृह. तिथे आमची नमनं झाली, गणपतीनंतर शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे सवाल-जवाबी गाण्यांचे, सामने झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या वर्षी शिमग्याला गाव माणसांनी भरलेलं आणि खिसे रिकामे, एवढंच मला आठवतं; मी लहान होतो. नंतर खोलीतली माणसं वसई-विरार, कल्याण-डोंबिवलीकडे पांगली. २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी दामोदरही बंद झालं. तेव्हा पोरं तालमीला येत नाहीत याचा दोष पोरांना देऊ नका. ज्या खोलीत तालीम आपोआप व्हायची ती खोलीच राहिली नाही.

इथपर्यंत वाचून काही जण माना डोलवत असतील, म्हणून पुढचं लिहिणं भाग आहे. आमचं नमन गाव जोडतं असं मी म्हणतो तेव्हा ते खरं तर एक वाडी जोडतं. बौद्धवाडी वहाळापलीकडे आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्या वाडीने शिमग्यात वाट्याला आलेली कामं टाकून दिली. टाकण्यासारखीच होती ती, मानाच्या नावाखाली वेठच. त्यांची कला वेगळी उभी राहिली. भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांची परंपरा त्यांच्या पाठीशी, जयंतीला गाणी होतात, नाटकं होतात. काही वर्षांपूर्वी मी मोठा उदारपणे तिथल्या एका ढोलकीवाल्या मित्राला म्हटलं, आमच्या नमनात वाजवायला ये. तो म्हणाला, "येतो की. तू जयंतीला येशील मृदंग घेऊन?" त्या वर्षी मला ऑफिसचं काम होतं. खरंच होतं. पुढच्या वर्षी नव्हतं, तरी मी गेलो नाही.

मानपानाचंही तेच. शिमगा जवळ आला की आमच्याकडे पोलीस ठाण्यात गावोगावच्या मानकऱ्यांच्या बैठका लागतात, पालखी आधी कुणाच्या दारी यावरून. म्हणजे एकत्र येऊन नाचल्याने माणसं आपोआप शहाणी होतात असा माझा दावा नाही. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे नाचायच्या आधीच ठरलेलं असतं. फरक इतकाच की आपलं आपण करतो तेव्हा त्यावर भांडता येतं, बदलता येतं. गवळणी पुरुषांनीच का, हा प्रश्न गेल्या वर्षी माझ्या पुतणीने तालमीतच विचारला. कोकणात आता बायकांची नमन मंडळं उभी राहतायत, तिने मोबाइलवर दाखवली सगळ्यांना. दोन म्हातारे उठून गेले. एक परत आला, बिडी ओढून. सुपारीच्या नमनात ती हा प्रश्न विचारणार कुणाला?

पैशांचं म्हणाल तर बाहेरचं मंडळ आणायला वर्गणी वाढवावी लागेल, आणि वर्गणी देऊन मोकळं होणाऱ्यांची आपल्याकडे आधीच कमी नाही.

तर, सभा काहीही ठरवो, शनिवारी रात्री साडेनऊला तालीम आहे, नालासोपाऱ्यालाच. मृदंग पुडी बदलायला टाकलाय, मिळाला नाही तर टेबल वाजवू. पनवेलवाल्यांची झोपायची सोय माझ्याकडे. पुतणी राधा करणार असं म्हणतेय, वहिनींची परवानगी मी काढतो. संकासुराच्या टोपीला या खेपेला हनुवटीखालून नाडी लावलीय. ढोलकीवाल्याला मी काल फोन केला, तो हसला आणि म्हणाला, आधी तू ये, जयंती १४ एप्रिललाच असते दरवर्षी.

मावशीसाठी अजून माणूस नाही. मिशी काढायची तयारी असेल त्याने कळवावं.