दुसरी इयत्ता, दुसऱ्यांदा

मी दुसरी इयत्ता दोनदा केली. पहिल्यांदा रीतसर, पाटी-दप्तर घेऊन. दुसऱ्यांदा २०२१ साली, कोरोनामुळे शाळा फोनवर भरायची तेव्हा, आमच्या जेवणाच्या टेबलापाशी, फोनच्या कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने खुर्ची ओढून. हजेरी माझ्या मुलाची, सोहमची लागायची, अभ्यास माझा व्हायचा.

फोनवर बाई टपालाच्या तिकिटाएवढ्या. त्यांच्याभोवती आणखी तीस-चाळीस तिकिटं. बाई आकड्याचं कार्ड दाखवायच्या, मुलांनी ओळखायचं. आमचं तिकीट मात्र त्या वेळी खिडकीतल्या मांजराकडे बघत असायचं. मला राहवायचं नाही. पहिली धरून दीड वर्षात मी ओठ न हलवता उत्तर पुरवायला शिकलो. बोलक्या बाहुल्यांचा खेळच म्हणा. फक्त बाहुलीचं लक्ष नसायचं.

घोटाळा केला तो गणिताच्या पुस्तकाने. दुसरीच्या पुस्तकात २०१९पासून त्रेसष्टला 'साठ तीन' म्हणायची सोय आली. तेव्हा विधिमंडळातसुद्धा त्यावर कोट्या झाल्या होत्या, आणि मीही चहा पिता पिता मराठी भाषा बुडाल्याचं जाहीर करून टाकलं होतं. आता ती बुडालेली भाषा रोज सकाळी साडेनऊला माझ्या टेबलावर यायची. सगळा वर्ग म्हणायचा, 'साठ तीन'. एकटा सोहम, तोही दोन सेकंद उशिरा, खणखणीत आवाजात म्हणायचा, 'त्रेसष्ट!' बाई क्षणभर थांबायच्या. "शाब्बास," म्हणायच्या. त्या थांबण्यात काय होतं, ते मला फार उशिरा कळलं.

एकदा तर माझी ऑफिसची मीटिंग शेजारीच लॅपटॉपवर चालू होती. साहेबांनी विचारलं, "हे काम संपायला किती दिवस लागतील?" इकडे बाईंनी कार्ड धरलेलं. मी सवयीने पुटपुटलो, "त्रेसष्ट." माइक चालू होता. पलीकडे शांतता. मग साहेब म्हणाले, "ओके, सिक्स्टी थ्री, नोट करा." दोन आठवड्यांचं काम होतं. मी अर्थातच खुलासा केला नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बातमी आली, की १ डिसेंबरपासून पहिली ते सातवीच्या शाळाही उघडणार. पाठोपाठ कोरोनाचा नवा अवतार ओमायक्रॉन आला आणि पुण्यात तारीख १६ डिसेंबरवर गेली. सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडले. 'पोरांना पाठवणं म्हणजे जिवाशी खेळ' म्हणणारे आणि 'न पाठवणं म्हणजे आमच्या जिवाशी खेळ' म्हणणारे. शाळेने संमतीपत्र धाडलं. सही कोणी करायची, यावर आमच्याकडे दोन रात्री चर्चा झाली. शेवटी बायको म्हणाली, "वर्गात तूच बसतोस, तूच कर सही."

मग गणवेश. तो २०२०च्या जूनमध्येच 'वाढत्या अंगाचा' म्हणून दोन मापं मोठा घेऊन ठेवला होता. कपाटातल्या कपाटात तो आखूड झाला. लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबरात शाळेचे कपडे मागायला गेलो, तर दुकानदार घड्याळाकडे बघावं तसा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "जरा उशीरच केलात." मी यंदाही दोन मापं मोठाच घेतला. काही गोष्टींवर महामारीचाही परिणाम होत नाही.

१६ तारखेला फाटकाशी गर्दी. एक काका प्रत्येक पोराच्या कपाळावर तापमानाचं पिस्तूल रोखत होते, शिपाईमामा हातावर सॅनिटायझर ओतत होते. तेवढ्यात बाई समोर आल्या. सोहम माझ्या मागे दडला. "बाबा, या बाई नाहीत. बाई एवढ्या मोठ्या नाहीत," तो कुजबुजला. बाई मास्कमधून म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, मुलांनो," आणि त्याचा चेहरा उजळला. आवाज ओळखीचा होता. गेला माझा हात सोडून.

मी सुटकेचा श्वास टाकत म्हणालो, "बाई, जरा लक्ष ठेवा हं, लाजरा आहे तो."

बाई जाता जाता थांबल्या. अगदी तश्शाच, कार्ड धरून थांबायच्या तशा. माझंही तोंड मास्कने झाकलेलं होतं. तरी म्हणाल्या, "हा आवाज रोज ऐकलाय. त्रेसष्टवाले बाबा ना तुम्ही?"

शेजारच्या पालकांनी वळून बघितलं. मी सॅनिटायझरसाठी पुन्हा एकदा हात पुढे केला; दुसरं काय करणार? "तुम्ही पहिल्यापेक्षा पुष्कळ सुधारलात," बाई म्हणाल्या. "मागच्या महिन्यात सत्त्याहत्तरला अडखळला होतात."

मुलगा शाळेतून आला तो अंगभर आनंद आणि तोंडावर दुसऱ्याच कुणाचा मास्क घेऊन. सकाळी निळा होता, आता त्यावर डायनासोर होते. "डबा एकमेकांना द्यायचा नाही असं बाई म्हणाल्या," त्याने सांगितलं. "मग आम्ही मास्क बदलले." आजीने तो मास्क चिमट्याने उचलून उकळत्या पाण्यात टाकला. दुसऱ्या दिवशी सोहमने डायनासोरवाल्याला तो परत केला तेव्हा त्यावरचे डायनासोर नामशेष झाले होते.

हे सुख नाताळच्या सुट्टीसकट तीन आठवडेही टिकलं नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच आठवीपर्यंतचे वर्ग ३० तारखेपर्यंत पुन्हा बंद झाले. नव्या बुटांचे तळवे अजून पांढरे होते. रात्री बाईंचा मेसेज आला: 'उद्यापासून वर्ग ऑनलाइन. पालकांनी कृपया दुसऱ्या खोलीत बसावे.' नाव कुणाचंच नव्हतं. ग्रुपवरच्या दोन आयांनी मात्र हसरे चेहरे टाकले.

मी दुसऱ्या खोलीत बसलो. दार लावून घेतलं. कान दाराला. बाईंनी कार्ड धरलं असावं, सोहम गप्प. एक सेकंद, दोन सेकंद. माझ्या जिभेवर काय काय आलं म्हणून सांगू! दाराची कडी घट्ट धरून बसलो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, मेथी निवडता निवडता, पावकी-निमकी अजून तोंडपाठ असलेल्या आमच्या मातोश्रींचा आवाज आला, "अरे, सत्तावन्न!"

फोनमधून बाई म्हणाल्या, "नमस्कार, आजी."