‘सेट’चे अर्थ : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतील ‘सेट’ या शब्दावरील माझ्या लेखाबद्दल आपले दोन आक्षेप आहेत. मूळ अर्थ ‘ठेवणे’ एवढाच असून बाकीचे अर्थ शेजारच्या शब्दांमुळे येतात, म्हणून शेकडो अर्थांची गोष्ट फुगवलेली आहे, हा पहिला. आणि कपबशांचा सेट व सिमेंटचे सेट होणे मी एकाच कुळात घातले, हा दुसरा.

दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. कपबशांचा ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचे मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा समुदाय, हे आहे. पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ही त्याचाच. पुढे उच्चारसाम्यामुळे त्यावर क्रियापदाची छाया पडली आणि ‘एकत्र मांडलेल्या वस्तू’ असा अर्थ लोकांच्या मनात रुजला. तरीही कूळ वेगळेच, आणि ते मी सांगायला हवे होते.

पहिल्या आक्षेपाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’चे सुमारे ४३० अर्थ दिले आहेत, आणि त्यांत ‘सेट ऑफ’, ‘सेट अप’ यांसारखे जोडप्रयोगही मोजलेले आहेत, हे आपले म्हणणे रास्त आहे. परंतु सूर्य सेट होतो किंवा दही सेट होते, तेव्हा कोणी काही ‘ठेवत’ नाही.

हे क्रियापद ‘सिट’चे प्रयोजक रूप आहे, आपल्याकडे ‘बसणे’वरून ‘बसवणे’ होते, तसेच. (‘सिट’चा धातू आपल्या ‘सदन’ आणि ‘संसद’ यांतल्या ‘सद्’चा सगोत्र आहे, ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’पासून आलेले, त्यामुळे येथे साम्य आहे ते अर्थाच्या वाढीचे, रक्ताचे नव्हे.) ‘बसवणे’ हाताशी धरले की पुष्कळ अर्थ आपोआप उलगडतात : सोनार अंगठीत खडा बसवतो, निखळलेले हाड बसवतात, आणि या दोन्ही कामांना इंग्रजी ‘सेट’च वापरते. आपण नाटकही बसवतो आणि गणपतीही बसवतो; तिथे इंग्रजी सोबत येत नाही, कारण प्रत्येक भाषेने आपापल्या गरजेप्रमाणे शब्द पुढे नेला.

जिथे ‘बसवणे’ थांबते, तिथे बहुधा ‘लावणे’ उभे राहते. गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे ही सगळी ‘सेट’ची कामे आहेत, आणि घट्ट दहीसुद्धा आपल्याकडे ‘लागते’च. ज्याच्याकडून काही विशेष घडण्याची आशा नाही, तो थेम्स नदीला आग लावणार नाही, असे इंग्रज म्हणतो; आपण म्हणतो, हा काही फार दिवे लावणार नाही. दोन्हीकडे अग्नी आहे, नकार आहे, आणि क्रियापदही एकमेकांच्या जागी सहज बसणारे आहे. मला या जोडीचे आजही अप्रूप वाटते.

विद्यार्थ्यांना ‘सेट’ म्हणजे ‘ठेवणे’ एवढेच शिकवावे, असे आपण सुचवता. पण मग ‘सेट द टेबल’ वाचून मूल ‘टेबल ठेव’ असे भाषांतर करील, आणि जेवणाआधी घरात रोज ऐकू येणारे ‘पाने घ्या’ हे त्याचे खरे मराठी रूप आहे, हे त्याच्या ध्यानातही येणार नाही.