मीटर कोणाच्या नावावर आहे?

माझ्या पत्नीचे निधन झाल्यानंतर अकराव्या दिवशी मी आमच्या घराला वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने सांत्वनाचे दोन शब्द उच्चारले, ते मला मनापासूनचे वाटले, आणि मग तिने विचारले, ‘निधन झाले त्या दिवशीचे मीटरचे रीडिंग आपल्याकडे आहे का?’ आमचे मीटर जिन्याखालच्या कपाटात, इस्त्रीच्या टेबलामागे आहे. त्या दिवशी पहाटे चारपासून मी आणि मुलगी रुग्णालयात होतो. मी नाही म्हणालो, तेव्हा तिने शांतपणे समजावले की जुने खाते त्या तारखेला बंद होईल, त्या तारखेपर्यंतचे बिल पत्नीच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल होईल आणि त्यानंतरचा वापर माझ्या नावाने उघडलेल्या नव्या खात्यावर लागेल. हिशेब म्हणून हे बरोबरच आहे. पण त्या घरात मी एकोणीस वर्षे राहत आलो होतो, निम्मा घरखर्च माझ्या पगारातून होत होता, आणि तरीही कंपनीच्या लेखी त्या तारखेपर्यंत मी त्या घरात नव्हतोच.

आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगला राहतो. पत्नी फिजिओथेरपिस्ट होती. २००४ मध्ये नोकरी मिळवून ती आधी आली आणि आठ महिन्यांनी मी तिच्या पाठोपाठ ‘डिपेंडंट’ व्हिसावर आलो. तोवर भाड्याच्या घराची वीज, पाणी, फोन, सगळे तिच्या नावावर झाले होते. पुढे आम्ही घर घेतले ते दोघांच्या नावावर, पण सेवांची खाती तिच्याच नावाने नव्या पत्त्यावर आली आणि ती बदलावीत असे आम्हा दोघांनाही कधी वाटले नाही. सांगलीच्या आमच्या घरात सगळे कागद बाबांच्या नावावर होते, इथे ते बायकोच्या नावावर आहेत, याचा मला थोडा अभिमानही होता. नाव एकाचेच असणे हाच मूळ दोष आहे, मग ते पुरुषाचे असो वा बाईचे, हे मला फार उशिरा कळले.

इथल्या सरकारी व्यवस्थेबद्दल आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखरच चांगले आहे. इंग्लंडमध्ये मृत्यूची नोंद साधारणपणे पाच दिवसांत करावी लागते. निबंधक कार्यालयातल्या बाईंनी नोंद झाल्यावर मला ‘टेल अस वन्स’ नावाच्या सेवेसाठी एक क्रमांक दिला. घरी येऊन मुलीने तो क्रमांक घातला, अर्ध्या तासात माहिती भरली, आणि पासपोर्ट कार्यालय, वाहन परवाना, आयकर, सरकारी पेन्शन आणि स्थानिक कौन्सिल या सगळ्यांना एकाच वेळी कळवले गेले. तीन आठवड्यांत कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे इथल्या घरपट्टीचे, नवे बिल माझ्या एकट्याच्या नावाने आले. त्यात २५ टक्के सवलत होती, कारण घरात आता एकच प्रौढ व्यक्ती राहते. त्या सवलतीची ओळ वाचून मी बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिलो. मात्र तिथे मला कोणी काही सिद्ध करायला लावले नाही, कोणी परत तोच प्रश्न विचारला नाही.

अडचण त्यापुढची आहे. ही सरकारी सेवा वीज, गॅस, पाणी, इंटरनेट, मोबाइल यांच्या कंपन्यांना काही कळवत नाही. बँकांनी मिळून चालवलेली एक वेगळी सूचना सेवा आहे, तिथेही आम्ही कळवले, आणि ती इतकी तत्पर निघाली की त्यातूनच पुढचा घोळ झाला. पत्नीचे खाते गोठवले गेले, त्यावरून दरमहा आपोआप जाणारे सगळे हप्ते थांबले, आणि पंधरवड्यात इंटरनेट कंपनीचे पत्र तिच्या नावाने आले: आपले बिल थकले आहे. वीज कंपनीने जुने खाते बंद करताना आमचे १८४ पौंड जमा निघत असल्याचे कळवले आणि धनादेश पाठवला तो पत्नीच्याच नावाने. तो भरायला खाते उरले नव्हते. मी तीन महिन्यांत चार वेळा फोन केला, चारही वेळा मृत्यूची तारीख पहिल्यापासून सांगितली, आणि चौथ्या वेळी मला कळले की अशा कुटुंबांसाठी कंपनीत स्वतंत्र विभाग आहे. त्या विभागातल्या माणसाने एकाच संभाषणात सगळे निस्तरले. तो विभाग पहिल्या दिवसापासून होता, फक्त त्याचा क्रमांक बिलावर नव्हता. शिवाय तिच्या नावावरचा ठरलेल्या दराचा करार तिच्याबरोबर संपला आणि नव्या खात्यावर मला कंपनीचा चालू दर लागला, तोही कोणी आपणहून सांगितला नाही.

मोबाइलचे खाते मी मुद्दाम शेवटपर्यंत ठेवले. त्याचे एक कारण असे की न उचललेल्या फोनला अजून तिचा आवाज उत्तर देत होता, आणि दुसरे अगदी व्यवहाराचे. वीज, पाणी, औषधांची मागणी, मुलीच्या विद्यापीठाची फी, जिथे जाऊ तिथे सहा आकडी कोड तिच्या नंबरवर येत होता. घरातले माणूस गेल्यावर फोन आधी बंद करू नका, तो सगळ्यात शेवटी बंद करा, हा सल्ला मी ओळखीच्या प्रत्येकाला देतो. भारतात तर प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो, त्यामुळे तिथे हे आणखीच निकडीचे आहे.

या सगळ्या काळात सांगलीहून फोन येत होते. मामांचे म्हणणे असे की मी उगाच घाई केली. ‘नाव राहू द्यायचे होते, बिल भरत राहायचे, काही अडत नाही.’ आपल्याकडे हाच रिवाज आहे, आणि त्यामागे माया आहे हे मी नाकारत नाही. बाबा २००९ मध्ये गेले, तेव्हा मीही आईला हेच सांगितले होते. विजेचे बिल बाबांच्या नावाने येत राहिले, पाणीपट्टी त्यांच्या नावाने, गॅसचे कार्ड त्यांचेच. आई दर महिन्याला ते बिल हातात घेऊन नाव वाचायची, मग भरणा करायची. चौदा वर्षे खरोखर काही अडले नाही.

मग गॅसच्या ग्राहकांची आधार पडताळणी सुरू झाली. ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याचा चेहरा किंवा बोटाचा ठसा हवा होता. एजन्सीने आईला मृत्यूचा दाखला आणायला सांगितला, वारसांची यादी मागितली, आणि प्रत्येक वारसाचे ना-हरकत पत्र. मी रेडिंगला, बहीण बेंगळुरूला. पंचाहत्तरीची बाई, जिने त्या शेगडीवर चाळीस वर्षे स्वयंपाक केला, ती शेगडी पेटती राहावी म्हणून दोन मुलांच्या परवानगीची वाट बघत बसली. ‘काही अडत नाही’ हे कागदी वहीच्या काळापुरते खरे होते. ज्या व्यवस्थेत प्रत्येक गोष्ट जिवंत माणसाच्या बोटाशी आणि फोनशी बांधली गेली आहे, तिथे गेलेल्या माणसाचे नाव ठेवणे म्हणजे मागे राहिलेल्या माणसाच्या वाटेत एक अडसर ठेवणे आहे, आणि तो नेमका कधी आडवा येईल हे आपल्या हातात नसते.

महाराष्ट्रात विधवांच्या स्थितीवर जी चर्चा होते ती मी इथून नेमाने वाचतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले, आणि मला आईच्या पुसलेल्या कुंकवाची आठवण होऊन फार बरे वाटले. मी विधुर झालो तेव्हा माझ्या अंगावरून कोणी काही उतरवले नाही, मला कोणत्याही लग्नात मागे उभे केले नाही. हा फरक मी विसरू शकत नाही. पण त्या चर्चेत मंगळसूत्र आणि जोडवी आली, मीटर आले नाही. बाईला घरातले स्थान परत द्यायचे असेल तर त्या घराच्या विजेच्या बिलावर तिचे नाव असणे हाही त्याच ठरावाचा भाग व्हायला हवा होता, असे मला आता वाटते. हा विचार आपल्याकडे नवा नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने सातबारावर बायकोचे नाव लावायला हजारो शेतकऱ्यांना तयार केले होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख ठरते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतली गॅसजोडणी बाईच्याच नावे मिळते. म्हणजे गरीब घरांसाठी सरकारने जे नियमाने केले, ते आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांनी स्वतःहून केलेले नाही.

बँकांच्या बाबतीत भारत आज इंग्लंडच्या फार मागे आहे असे मी म्हणणार नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी सर्व बँकांना एकसारखे नमुने ठरवून दिले, पूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत घातली आणि ठेवींच्या दाव्याला उशीर झाला तर भरपाईही बांधून दिली. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नामनिर्देशित व्यक्ती नेमता येतात. हे सगळे पैशांबाबत झाले, कारण पैशांसाठी भांडणारे लोक असतात. वीज, पाणी आणि गॅस यांच्या जोडणीला मात्र नामनिर्देशनाची अशी सोपी सोय नाही. नाव बदलण्याचा अर्ज दुसऱ्या बिलापर्यंत अमलात यावा असा वीज नियामक आयोगाचा नियम महाराष्ट्रात आहे, पण खरा वेळ अर्जाच्या आधी जातो, वारसांचे कागद गोळा करण्यात.

इथे एक खरी भीती आहे आणि ती खोटी ठरवून चालणार नाही. बिलावर नाव लागले की घरावर हक्क सांगितला जाईल, असे भावंडांना वाटते. म्हणून ना-हरकत पत्र मागितले जाते आणि म्हणूनच ते दिले जात नाही. वस्तुतः विजेचे बिल हा मालकीचा पुरावा नाही. २००३ च्या वीज कायद्याचे ४३ वे कलम मालकाला किंवा जागेत राहणाऱ्याला, दोघांनाही, पुरवठा मागण्याचा हक्क देते. नवऱ्याच्या घरात राहणारी बायको किंवा बायकोच्या घरात राहणारा नवरा हे राहणारे आहेत, एवढे सिद्ध करायला इतर वारसांच्या सह्या कशाला हव्यात? मालकीचा वाद न्यायालयात चालू दे. दिवा लावण्यासाठी त्याचा निकाल लागायला नको.

मला विचाराल तर घरात राहणाऱ्या जोडीदाराचे नाव पहिल्या दिवसापासून खात्यावर दुसरे नाव म्हणून असावे आणि मृत्यूनंतर ते आपोआप पहिले व्हावे, त्याच ठेवीसह, त्याच दरासह. मृत्यूची नोंद झाली की जोडणी बंद होऊ नये, उलट जोडीदाराला एक पत्र जावे: हे खाते आपल्या नावावर करायचे आहे का? भारतात ऑक्टोबर २०२३ पासून जन्ममृत्यूच्या नोंदींचा सुधारित कायदा लागू आहे आणि त्या नोंदी देशभर एकत्र जोडण्याची तरतूद त्यात आहे. इंग्लंडने सरकारी खात्यांसाठी जे केले आणि खासगी कंपन्यांसाठी केले नाही, ते आपण एकदम करू शकतो. फक्त तत्परता कोणत्या दिशेने धावते याकडे लक्ष हवे. माझ्या घरी ती आधी हप्ते थांबवायला धावली.

जानेवारीत सांगलीला गेलो तेव्हा मी आणि आईने जेवणाच्या टेबलावर वीजजोडणीच्या नावबदलाचा अर्ज भरला. बहिणीचे पत्र आले होते, माझे मी तिथेच लिहिले. आईने चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला आणि विचारले, ‘म्हणजे त्यांचे नाव पूर्ण जाणार का रे? खाली कुठे राहणार नाही?’ मी सांगितले की नाही राहणार. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने सही केली, आणि डिसेंबरचे बिल, बाबांच्या नावाचे शेवटचे, घडी घालून तिच्या पोथीत ठेवले.