‘एक हितचिंतक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: अंगावरचं दूध मी का तोडलं नाही

हितचिंतक काका,

(नातवंडं असल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते.)

‘दूध न पचणाऱ्या बाळाचं वरचं खाणं’ या माझ्या लेखाखाली तुम्ही मध्यरात्री टाकलेली प्रतिक्रिया सकाळी डबे भरता भरता वाचली. म्हटलं घाईत वाचली म्हणून राग आला असेल, म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीत निवांत वाचली. निवांत वाचूनही आलाच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काकांच्या आईने पाच पोरं म्हशीच्या दुधावर वाढवली, एकालाही काही झालं नाही. हल्लीच्या आयांना मोबाइलमधून आजार सापडतात. लेखामागे कुठल्यातरी पावडरवाल्याचा हात असावा. शेळीचं दूध दिलं असतं तर एवढा खटाटोप वाचला असता. आणि बाळ दीड वर्षाचं होईपर्यंत साधं दूध बंद ठेवायचं कारण काय, असं दूध थोड्या आठवड्यांत परत पचायला लागतं. या सगळ्यात एक वाक्य आहे, ते जसंच्या तसं देते: ‘ज्या पोराला दूध पचत नाही त्याला तुम्ही अंगावर पाजत होता, म्हणजे एक तर आजार खोटा नाही तर तुम्ही खोट्या.’

काका, ओळख ना पाळख, आणि थेट ‘खोट्या’? माझ्या काउंटरवर रोज चिडलेली माणसं येतात, पासबुक आपटतात, पण असं तोंडावर कुणी म्हणत नाही. इथे नाव लपवता येतं म्हणून जीभ सैल सुटते, दुसरं काय. ‘ताई, आईच्या दुधातही लॅक्टोज असतं ना, मग ते कसं चाललं?’ असं विचारलं असतंत तर चार ओळींत सांगितलं असतं. प्रश्न चांगला आहे. पण तुम्ही विचारलं नाहीत, निकाल दिलात. आता सगळं ऐकून घ्या.

आईच्या दुधात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं. गाई-म्हशीच्या दुधापेक्षा जास्तच असतं: १०० मिलिलिटरमध्ये साधारण ७ ग्रॅम, गाई-म्हशीच्या दुधात ५ च्या आसपास. ही साखर फोडणारं लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य तयार होतं लहान आतड्याच्या अस्तरावर जी मखमलीसारखी बारीक लव असते, तिच्या टोकाशी. जुलाबाचा मोठा तडाखा बसला की सगळ्यांत आधी ही टोकंच झडतात, आणि लॅक्टेज पूर्ववत व्हायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. तोवर न फुटलेली साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते, तिथले जिवाणू तिला आंबवतात. त्यातून वायू होतो, आम्ल होतं. म्हणून पोट फुगतं, शी पाण्यासारखी, फेसाळ, आंबूस वासाची होते आणि बाळाचं बूड सोलवटून निघतं.

माझ्या लेकीचं आठव्या महिन्यात हेच झालं. माझी रजा संपली होती, दिवसा सासूबाई तिला पावडरचं दूध वाटी-चमच्याने द्यायच्या, सकाळ-संध्याकाळ आणि रात्री अंगावर. जुलाब आटोक्यात आले तरी वरचं दूध पोटात गेलं की तासाभरात पोट नगाऱ्यासारखं ताणायचं आणि ती किंचाळायला लागायची.

मोबाइलमधून सापडलेला आजार कसा असतो तेही सांगते. शी तपासायला द्यायची तर लॅबवाला म्हणाला, डायपरमधली चालणार नाही. पाणी डायपर पिऊन टाकतो आणि तपासायचं असतं ते पाणीच. मग लंगोटात आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरला, मी एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या बाजूला, दोघी डोळ्यांत तेल घालून वाट बघत बसलो. झाल्याबरोबर चमच्याने डबीत घेतली आणि नवरा डबी खिशात घालून गाडीवरून सुटला. रिपोर्टात सामू (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली, साखर पॉझिटिव्ह. आता लगेच म्हणाल, बघा, कागदावर विश्वास ठेवला! नाही ठेवला. अंगावर पिणाऱ्या धडधाकट बाळाच्या शीतही थोडी साखर आणि आम्ल सापडतं, हे डॉक्टरांनीच आधी सांगितलं. वजन अडलंय का, वरच्या दुधानंतर काय होतं, बूड कसं आहे, हे सगळं जुळवून त्यांनी ठरवलं.

आणि बंद काय केलं? वरचं दूध. त्याच्या जागी काही काळ लॅक्टोज नसलेली पावडर दिली. अंगावरचं चालूच ठेवायला सांगितलं, कारण जुलाबानंतरचं हे न पचणं बहुतेक वेळा अर्धवट असतं आणि तात्पुरतं असतं. लॅक्टेज कमी झालेलं असतं, संपलेलं नसतं. अंगावरचं दूध थोडं थोडं, वरचेवर पोटात जातं, आणि त्यात संसर्गाशी लढणारी, आतडं भरून यायला मदत करणारी जी द्रव्यं असतात ती डब्यात मिळत नाहीत. शी काही दिवस सैल राहिली तरी चालतं, वजन वाढतंय ना एवढं बघायचं. जागतिक आरोग्य संघटनाही जुलाब चालू असताना पाजत राहा असंच सांगते. जन्मापासूनच लॅक्टेज नसलेली बाळं असतात, पण ती फार दुर्मीळ, आणि त्यांना पहिल्या दिवसांतच जुलाब लागतात. आठव्या महिन्याची वाट बघत नाहीत. त्यांच्यासाठी मी लेख लिहिलेलाच नव्हता.

ओघात आलंच आहे तर, याच लेखाखाली एका ताईंनी सल्ला दिलाय की आईने चहा-दूध सोडावं म्हणजे अंगावरच्या दुधातलं लॅक्टोज कमी होतं. नाही होत. ते स्तनातच तयार होतं, आई चहा पिवो न पिवो. दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी हे निराळं प्रकरण, त्यात शीमध्ये रक्त दिसू शकतं, अंगावर चट्टे उठतात; तिथे डॉक्टर आईलाही दूधदुभतं सोडायला लावतात. आपल्याकडे दोन्हीला ‘दूध पचत नाही’ म्हणतात आणि एकीचं औषध दुसरी करत बसते.

आणि काका, दुधाचं कौतुक मला नका सांगू. कोल्हापूरची आहे मी. माहेरी दारात म्हशी, वडील गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध उभ्या उभ्या पिऊन यायचे, तरी घरी आल्यावर परत पेला लागायचाच. अशा घरात ‘नातीला दूध सोसत नाही’ हे फोनवर सांगताना काय वाटलं असेल ते तुमच्यासारख्यांना नाही कळायचं. आई म्हणाली होती, ‘म्हशीत खोट असंल, म्हस बदलून बघा.’ मी म्हटलं, अगं, म्हैस नाहीच, डबा आहे. ती म्हणाली, ‘मग आणखीच वाईट.’ एवढं ऐकूनही मी डॉक्टरांच्या सांगण्यावर टिकून राहिले, आणि तुम्ही म्हणता हौस म्हणून आजार शोधला.

एक मुद्दा तुमचा बरोबर आहे, तो मान्य करते. लेखात वाटी-चमच्याने द्या म्हटलंय आणि वर फोटो दुधाच्या बाटलीचा. फोटो काढून टाकला आहे.

बाकीचं भराभर. तुमच्या आईबद्दल आदर आहे. पण पाच जणांना पचलं म्हणून सहाव्याला पचतंच असं नाही. पावडरवाल्याचं म्हणाल, तर लेखात एकाही पावडरचं नाव दाखवा. बाळाच्या पावडरीची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या तयार बाळखाण्यांचीही. नाव विचारणाऱ्या आयांना मी डॉक्टरांकडेच पाठवते, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. शेळीच्या दुधातही लॅक्टोज असतं, गाईच्या दुधाहून जरासंच कमी. विषय संपला.

दीड वर्षाचं म्हणाल तर तो आमचा आणि आमच्या डॉक्टरांचा प्रश्न आहे, त्याचा हिशेब इथे मांडायला मी बांधील नाही. काही आठवडे आणि काही महिने यातला फरक मलाही कळतो. ज्या आईने रात्री दोन वाजता सोलवटलेल्या बुडाला खोबरेल लावलंय ती दुधाचा पेला परत हातात घेताना दहादा विचार करते, एवढं समजून घ्या नाही तर सोडून द्या. पोरगी उपाशी नव्हती. दही त्याआधीच सुरू झालं होतं, लेखात आहे, वाचा. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच फस्त करतात आणि उरलेला पचवायला पोटात मदत करतात. मऊ भात, मुगाचं वरण, वर लोणकढं तूप, तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. आणि नाचणी: १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. भिजवून, फडक्यात मोड आणून, वाळवून दळलेलं पीठ; मोड आल्यामुळे खीर गोळा होत नाही, पातळ असूनही पोटभरीची राहते. वस्त्रगाळ सत्त्वच हवं असा तुमचा आग्रह दिसतो, पण गाळलं की कोंड्याबरोबर बरंच काही फडक्यातच राहतं. सात-आठ महिन्यांच्या पोराला बारीक चाळलेलं पीठ पुरे.

आता तुमची शेवटची ओळ. एवढी आगपाखड झाल्यावर जाता जाता लिहिलंत की सात महिन्यांच्या नातवाला सध्या जुलाब आहेत, ‘आणि सूनबाईला अंगावरचं बंद करायला सांगितलंय’. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंत. बाकी सगळं बाजूला ठेवा. प्रत्येक शीनंतर ओआरएस, पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात, चमच्या-चमच्याने. झिंक डॉक्टरांना विचारून, या वयाला रोज २० मिलिग्रॅम, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायचं. पेज, वरण-भात, केळं चालू ठेवा. साखरपाणी, डब्यातला ज्यूस नको, गुटीत मध उगाळत असाल तर तो वर्षाच्या आत मुळीच नको. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, टाळू बसली, पोर मलूल पडलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर रात्र-दिवस न बघता दवाखाना गाठा. आणि सूनबाईला पाजू दे. नातू बरा झाला की खऱ्या नावाने लिहा, तोवर तुमची दुसरी प्रतिक्रिया मी छापणार नाही.