'बेन-हर'च्या शर्यतीत कुणाचाही जीव गेला नाही

चार पांढरे घोडे सुसाट धावतायत. समोर मोडून पडलेल्या रथांचा ढीग. घोडे त्यावरून उडी घेतात, मागचा रथ उसळतो आणि आत उभा असलेला माणूस पुढच्या कठड्यावरून उलटा होऊन थेट घोड्यांच्या मागच्या पायांकडे फेकला जातो. 'बेन-हर' या हॉलिवूडपटातल्या रथांच्या शर्यतीची, फोनवर फिरणारी एवढीच ती क्लिप. तिच्याखालचा मजकूर दर वेळी थोडाफार बदलतो, पण गाभा तोच असतो: '१९५९ सालच्या बेन-हरमधल्या या शॉटमध्ये स्टंटमन खरोखर मेला. दिग्दर्शकाने शॉट कापला नाही, तसाच चित्रपटात ठेवला. शर्यतीत शंभर घोडेही मेले. तेव्हा ग्राफिक्स नव्हतं, जे दिसतं ते सगळं खरं. नीट बघा, हिरोच्या मनगटावर घड्याळ आहे आणि मागून लाल मोटार जाताना दिसते.'

या महिन्यात हा मजकूर मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. तिघांनाही एकदाच सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हे लिहितोय. खरं तर हे उत्तर मी स्वतःलाच फार वर्षांपूर्वी द्यायला हवं होतं.

कारण ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती थिएटरच्या अंधारात. नऊ-दहा वर्षांचा असेन. शेजारी मामा बसला होता. शर्यत सुरू झाली तशी मी खुर्चीच्या कडेला सरकलो होतो. वळणावर रथ एका चाकावर कलले की मीही त्या बाजूला कलत होतो. आणि तो माणूस उलटा झाला तेव्हा मी मामाचं मनगट इतकं घट्ट पकडलं की नखं रुतली. मामा कानाशी वाकून म्हणाला, "हा माणूस खरंच मेला होता बरं का." त्यापुढचा चित्रपट मी पाहिला असं म्हणता येणार नाही. डोळे पडद्यावर होते, पण मनात तो माणूसच होता. त्याचं नाव काय असेल, त्याच्या घरी कुणी आणि कसं सांगितलं असेल. पुढे कित्येक वर्षं मीही ही गोष्ट तशीच लोकांच्या कानात सांगितली, अगदी मामासारखाच आवाज खाली करून.

तर त्याचं नाव होतं जो कनट. आणि तो मेला नाही.

या शर्यतीचं चित्रीकरण १९५८ साली रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत झालं. चित्रपटाचे दिग्दर्शक विल्यम वायलर, पण शर्यत त्यांनी स्वतः घेतली नाही. ते काम दुसऱ्या युनिटचं, म्हणजे मुख्य दिग्दर्शकाशिवाय वेगळे प्रसंग चित्रित करणाऱ्या तुकडीचं. अँड्र्यू मार्टन हे त्याचे दिग्दर्शक आणि स्टंटची सगळी आखणी याकिमा कनट यांची. जो हा याकिमांचा मुलगा. नायकाची भूमिका करणाऱ्या चार्ल्टन हेस्टनचा डुप्लिकेट म्हणून तो त्या दिवशी रथात उभा होता. घोड्यांनी मोडलेल्या रथांवरून उडी घ्यायची आणि रथाने चढणीवरून उसळून पलीकडे पडायचं, असा बेत होता. घोड्यांनी आपलं काम चोख केलं. रथ मात्र अपेक्षेपेक्षा जास्त उसळला आणि जो पुढे फेकला गेला. इथपर्यंत क्लिप खरी आहे. तो अपघातच होता, आणि जीव जाऊ शकला असता इतका गंभीर होता.

पण जोने पकड सुटू दिली नाही. धावत्या घोड्यांच्या मागे, रथाच्या पुढच्या बाजूला तो लोंबकळत राहिला आणि स्वतःला सावरून बाहेर आला. हनुवटी फाटली, तिथे टाके पडले. इजा झाली ती एवढीच.

आता शॉट तसाच ठेवला या वाक्याकडे येऊ. शॉट ठेवला हे खरं, पण 'तसाच' ठेवला हे खोटं. पडलेला माणूस दाखवला तर नायक पडलाच, मग तो जिंकणार कसा? ही अडचण मार्टन यांनी एक छोटा तुकडा जोडून सोडवली: हेस्टन रथाच्या पुढून कठडा धरून पुन्हा आत चढतो, तो जवळून घेतलेला शॉट. चित्रपट हाताशी असेल तर ती जागा थांबवून थांबवून बघा. लांबून दिसणारा, हवेत उलटा होणारा देह जोचा आहे. लगेच जवळून दिसणारा, दात आवळून कठड्यावर पाय टाकणारा चेहरा हेस्टनचा आहे. त्या दोन तुकड्यांमध्ये एक जोड आहे, आणि ती सापडली की हा प्रसंग कसा उभा राहिला ते कळतं. पटकथेत नसलेली, अपघाताने हाती आलेली गोष्ट कथेचा भाग झाली. मेलेल्या माणसाचा शॉट वापरला या आरोपाच्या हे नेमकं उलट आहे. पडलेला माणूस परत चढला, हेच दाखवण्यासाठी तो वापरला.

यावर काही जण म्हणतात, तो शॉट नव्हे, दुसरा. ज्यात माणूस चाकाखाली तुडवला जातो तो. तो शॉट आजही अंगावर काटा आणतो, मान्य. पण घोड्यांच्या पायांखाली आणि चाकांखाली जातात त्या वजन भरलेल्या, सांधे वळणाऱ्या बाहुल्या आहेत. जिवंत माणूस उभा असलेला एक तुकडा आणि बाहुलीला धडक बसतानाचा दुसरा, यांचं संकलन इतकं नेटकं आहे की डोळा फसतो. फसावा म्हणूनच तर ते केलंय.

मग ही मृत्यूची गोष्ट आली कुठून? माझ्या मते या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, कारण अफवेमागे एक खरं दुःख आहे आणि ते भलत्याच चित्रपटाला चिकटलंय. ल्यू वॉलेस यांच्या १८८० सालच्या कादंबरीवर १९५९च्या आधीही चित्रपट झाला होता. १९२५ साली आलेला, फ्रेड निब्लो दिग्दर्शित मूकपट. त्याचंही चित्रीकरण आधी इटलीत, रोममध्येच सुरू झालं होतं. त्यात मेसालाची, म्हणजे खलनायकाची भूमिका करणारे फ्रान्सिस बुशमन यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी: वळणावर शेजारच्या रथाचं चाक मोडलं, चाकाचा तुंबा (मधला भाग) जमिनीवर आदळला आणि आतला माणूस उंच हवेत फेकला गेला, तो लाकडांच्या ढिगावर पडला आणि अंतर्गत जखमांनी गेला. त्यानंतर कंपनीने सगळं बस्तान अमेरिकेत हलवलं आणि शर्यत कॅलिफोर्नियात कल्व्हर सिटीजवळ नव्याने मैदान उभारून ४२ कॅमेऱ्यांनी चित्रित केली. त्या वेळी रथ एकमेकांवर चढून मोठी खरी टक्कर झाली आणि ती चित्रपटात ठेवली गेली.

म्हणजे माणूस गेल्याची आठवण रोमची, अपघात पडद्यावर ठेवल्याची गोष्ट कॅलिफोर्नियाची, आणि दोन्ही मूकपटाच्या. तीस-पस्तीस वर्षांनी त्याच नावाचा, त्याच शर्यतीचा, पुन्हा रोममध्येच केलेला रंगीत चित्रपट आला आणि लोकांच्या बोलण्यात दोन्ही एक झाले. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की मूकपटाच्या त्या शर्यतीच्या वेळी जे अनेक सहायक दिग्दर्शक मैदानात होते, त्यांत तरुण विल्यम वायलरही होते. असली शर्यत बिघडली तर काय होतं, याची त्यांना ऐकीव नव्हे, जवळून माहिती होती.

१९५९च्या चित्रपटाच्या निर्मितीदरम्यान एक मृत्यू झाला हेही सांगायला हवं. निर्माते सॅम झिंबालिस्ट नोव्हेंबर १९५८ मध्ये रोममध्येच हृदयविकाराने गेले. चित्रपट पुरा झालेला त्यांना पाहता आला नाही. त्या निर्मितीतला खरा शोक तो आहे. त्याच्याविषयी कुणी मजकूर फिरवत नाही.

आता घोडे. १९५९च्या शर्यतीसाठी युगोस्लाव्हिया आणि सिसिलीतून आणलेले घोडे होते ७८. त्यातले शंभर मेले कसे? हा आकडाही पुन्हा मूकपटाचा आहे; इटलीतल्या चित्रीकरणात शंभराच्या आसपास घोडे गेले असं बुशमन सांगत. लंगडणाऱ्या घोड्यावर उपचार करत नसत, गोळी घालत, असंही ते म्हणत. ते वाचताना पोटात कालवतं, आणि ते विसरलं जाऊ नये असंच मला वाटतं. पण ते पाप ज्यांचं त्यांच्याच खात्यावर राहू दे. १९५८ सालच्या रोममध्ये ग्लेन रँडल नावाचा प्रशिक्षक या ७८ घोड्यांना महिनोन्महिने तयार करत होता. चार घोडे एका रांगेत जुंपून वळणावर पळवायचे म्हणजे काय, याचा विचार करा. आतल्या घोड्याने पाऊल आवरायचं, बाहेरच्याने लांब टाकायचं, आणि चौघांनी एकमेकांची चाल ओळखायची. एक घोडा गेला की पूर्ण चौकडी मोडते, आणि नवी घडवायला पुन्हा तितकेच दिवस लागतात. असे नऊ रथ एका वेळी मैदानात होते, म्हणजे छत्तीस घोडे. ज्यांना हे जमवायचं होतं त्यांना घोडे मारून चालणारच नव्हतं.

जे दिसतं ते सगळं खरं, हा मुद्दा अर्धा बरोबर आहे. अठरा एकरांवर पसरलेलं मैदान खरं, समुद्रकिनाऱ्यांवरून आणून पसरलेली वाळू खरी, हजारोंची गर्दी खरी. घोड्यांचा वेगही खरा. इतका की कॅमेरा लावलेली मोटार त्यांच्यापुढे टिकेना. सरळ पट्ट्यात घोडे तिला गाठायचे आणि शॉट काही सेकंदांत संपायचा. जास्त ताकदीची दुसरी मोटार आणली तरी फरक थोडाच पडला. पण प्रेक्षकांच्या सज्जांचा वरचा भाग आणि त्यामागचा देखावा यांत चित्रकाराच्या कुंचल्याचं काम मिसळलेलं आहे. संगणक नव्हता याचा अर्थ युक्ती नव्हती असा होत नाही. आणि शर्यत सुरू झाल्यावर पार्श्वसंगीत थांबतं हे किती जणांच्या लक्षात येतं? मिक्लोश रोझा यांचं संगीत रथांच्या संचलनापर्यंत आहे. त्यानंतर फक्त टापा, चाकं, चाबूक आणि गर्दी. लहानपणी मला तो आवाज छातीत जाणवला होता. का, ते मोठेपणी कळलं.

घड्याळ आणि लाल मोटार यांच्यावर फार शब्द खर्चायला नकोत. हेस्टनच्या हातांवर कोपरापर्यंत चामड्याचे रुंद पट्टे होते, त्यामुळे मनगटच दिसत नाही. हे त्याने स्वतःही सांगून ठेवलंय. आणि लाल मोटारीची फ्रेम मला आजवर कुणी दाखवलेली नाही. ज्यांनी क्लिप पाठवली त्या तिघांकडेही मी मागितली. एकानेही पाठवली नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, जो मजकुरात उघड लिहिलेला नसतो पण वाचणाऱ्याच्या मनात उतरतो: त्या काळी स्टंट करणाऱ्यांच्या जिवाला किंमत नव्हती, कुणीतरी मरणारच होतं. याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण याकिमा कनट यांनी आयुष्यभर याच्या विरुद्ध काम केलं. ते मूळचे रोडिओतले, म्हणजे अमेरिकेतल्या काउबॉयांच्या स्पर्धांतले, विजेते घोडेस्वार. १९३९च्या 'स्टेजकोच'मध्ये धावत्या घोड्यांवर झेप घेऊन, मग खाली पडून, घोडागाडी अंगावरून जाऊ देणारा माणूस तेच. स्वतः पुष्कळदा हाडं मोडून घेतलेल्या या माणसाने पडण्याच्या कलेचं शास्त्र केलं. कुठे धरायचं, कधी सोडायचं, रिकिबीतून पाय आपोआप कसा सुटेल, गाडीपासून घोडे नेमक्या क्षणी कसे वेगळे होतील, यासाठी त्यांनी साधनं तयार केली. १९६७ साली त्यांना मानद ऑस्कर मिळालं ते स्टंटमधल्या कामगिरीसाठी आणि स्टंटमनच्या सुरक्षेची साधनं विकसित केल्याबद्दल. रोममध्ये त्यांनी हेस्टनला आणि मेसाला झालेल्या स्टीफन बॉइडला रथ हाकायला शिकवलं, इतकं की बरंचसं हाकणं त्या दोघांनी स्वतः केलं. हेस्टनच एक आठवण सांगत असे. त्याने याकिमांना विचारलं, एकट्याने रथ हाकणं आता जमतंय, पण बाकीचे रथ आजूबाजूला असताना जमेल का? याकिमा म्हणाले, तू फक्त रथात टिकून राहा, शर्यत तूच जिंकशील याची हमी मी देतो.

आणि त्या उडीच्या दिवशी रथात कुणाला उभं केलं होतं? स्वतःच्या मुलाला. हिशोब चुकला तर काय होईल हे त्या मैदानावर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रथ हिशोबापेक्षा जास्त उसळला तेव्हा बाप मैदानातच होता. त्या दोन-तीन सेकंदांत त्यांना काय वाटलं असेल, हे मला आता त्या क्लिपमध्ये दिसतं. मेलेल्या माणसाच्या गोष्टीने इतकी वर्षं ते मला दिसूच दिलं नव्हतं.

मामाला हे सगळं मी मागेच सांगितलं. त्याने पुरतं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मग पुढे काय झालं त्या पोराचं?" टाके निघाले, आणि तो कामावर परत आला. १९६१च्या 'एल सिड'मध्ये हेस्टनचा डुप्लिकेट जो कनटच होता, आणि १९६८च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स'मध्येही.