एफआयआर दिसते, पुढचं काय?

'एफआयआर ऑनलाइन झाल्यामुळे फिर्यादीला आता पोलिस ठाण्यात खेटे घालावे लागत नाहीत,' हे ऑनलाइन एफआयआरवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशामुळे, लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळता, एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी लागते. चांगलंच झालं. पण खेटे सुरू होतात ते त्यानंतर. आमच्या रावेर भागात केळीच्या बागेतून पाण्याच्या मोटारीची केबल कापून नेतात, तांब्यासाठी. माझ्या मेव्हण्यांच्या विहिरीवर सकाळी नुसती जळालेली प्लास्टिकची सालपटं पडलेली. एफआयआर मोबाइलवर मिळाली. पंचनाम्याची नक्कल मात्र 'साहेब बंदोबस्ताला गेलेत' ऐकत महिनोन्‌महिने लटकली. तपासानंतर पोलिस कोर्टात देतात ते दोषारोपपत्र संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानेच २०२३ मध्ये सांगितलंय. म्हणजे तपास कुठवर आला हे ज्याचं नुकसान झालं त्यालाच कळत नाही.

लेखात एक गोष्ट यायलाच हवी होती. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि ती मोबाइलवर कळवली तरी चालते. हे गावात कुणाला माहीत आहे? नंदुरबारमधल्या धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या माणसाला तर एफआयआरमधली पोलिसी मराठीच कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागते. कलम १९३ चा फलक प्रत्येक ठाण्याच्या दारात, सोप्या भाषेत, लावायला काय हरकत आहे?